झांबेझीवरील कझुंगुला येथील पूल

भूगोलाच्या तासाला नकाशा उलगडला असतां विद्यार्थ्यांची दृष्टि बहुधा मोठमोठ्या देशांवर, राजधान्यांवर आणि पर्वतांवर खिळते; पण नकाशांतील खरी मौज पुष्कळदां जेथें एका देशाचा रंग दुसऱ्या देशाच्या रंगास भिडतो तेथेंच असते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागाचा नकाशा पुढें घ्या, झांबेझी नदीच्या रेघेवर बोट ठेवा आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत चला. जगप्रसिद्ध व्हिक्टोरिया धबधब्याच्या अलीकडे साठ-सत्तर किलोमीटरांवर चोबे नांवाची नदी येऊन झांबेझीस मिळते. या संगमापाशीं चार देश जवळजवळ एका बिंदूंत एकत्र आलेले दिसतील. उत्तरेस झांबिया, पश्चिमेकडून आलेलें नामिबियाचें निमुळतें टोक, दक्षिणेस बोट्स्वाना आणि आग्नेयेस झिंबाब्वे. या ठिकाणाचें नांव कझुंगुला. तिकडील एका वृक्षावरून हें नांव पडलें असें सांगतात. तो वृक्ष आपणांस अगदींच परका नाहीं. मुंबई-पुण्याच्या कांहीं उद्यानांतून ज्याचीं लांबट, दुध्या भोपळ्यासारखीं जड फळें दोरीला टांगल्याप्रमाणें लोंबत असतात तोच हा.

चार देश ‘जवळजवळ’ एका बिंदूंत मिळतात असें मीं वर म्हटलें, तें मुद्दाम म्हटलें आहे. या लेखाचा सारा विषय त्या एका शब्दांत सांठविलेला आहे. ते खरोखरच एका बिंदूंत मिळत असते, तर आज तेथें जो पूल उभा आहे तो त्या दोन देशांना केवळ आपसांतील करारावर बांधतां आला नसता.

हा चौफुला निर्माण कसा झाला हें पाहण्यास थोडें मागें जाणें अवश्य आहे. १८९० सालीं इंग्लंड व जर्मनी या दोन राष्ट्रांनीं आफ्रिकेंतील आपापल्या मुलखांविषयीं एक तह केला. जर्मनीच्या ताब्यांत त्या वेळीं आजचा नामिबिया होता. त्या मुलखांतून झांबेझी नदीपर्यंत पोहोंचण्यास वाट मिळावी, अशी जर्मनीची इच्छा होती; म्हणून तहान्वयें एक लांबच लांब चिंचोळी पट्टी तिला देण्यांत आली. ही पट्टी कोठेंही वीस इंग्रजी मैलांहून अरुंद असूं नये असेंही ठरलें. त्या वेळचे जर्मन मुख्य प्रधान काप्रिव्ही यांचें नांव त्या पट्टीस मिळालें व पुढें शंभरांहून अधिक वर्षें नकाशांत तेंच नांव चालत राहिलें. नदी हातीं आली म्हणजे नावा सोडून पूर्वेकडील समुद्र गांठतां येईल, अशी आशा त्यांत होती म्हणतात. परंतु थोड्याच अंतरावर तीच नदी एकशें आठ मीटर खोल कड्यावरून खालीं उडी घेते, ही गोष्ट बर्लिनमध्यें बसून नकाशावर रेघा ओढणाऱ्यांनीं कितपत विचारांत घेतली असेल, देव जाणे! ज्यांच्या घरांतून व शेतांतून या रेघा गेल्या त्यांस कोणी विचारलें नाहीं, हें तर सांगावयासच नको.

रेघा ओढणारे गेले, पण रेघा राहिल्या. १९६४ सालीं झांबिया स्वतंत्र झाला व १९६६ सालीं बोट्स्वाना स्वतंत्र झाला. या दोन्ही देशांना समुद्रकिनारा नाहीं. झांबियाची मुख्य संपत्ति तांबें. तें परदेशीं न्यावयाचें तर कोणा ना कोणा शेजाऱ्याच्या भूमीवरूनच नेलें पाहिजे. आणि शेजारी तरी कसे? दक्षिण आफ्रिका, तिच्या ताब्यांतील नैर्ऋत्य आफ्रिका (आजचा नामिबिया) आणि ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे) या तिन्ही ठिकाणीं त्या काळीं मूठभर गोऱ्या लोकांचें राज्य होतें व बहुसंख्य काळ्या प्रजेला मताचा अधिकार नव्हता. नव्यानें स्वतंत्र झालेल्या बोट्स्वानाभोंवतीं जणूं या तिघांचा वेढाच पडला होता. त्या वेढ्यांत एकच फट होती, ती म्हणजे कझुंगुला येथें झांबियाशीं होणारा नदीमधील स्पर्श. त्याची लांबी किती म्हणाल, तर सुमारें दीडशें मीटर! आपल्या शाळेच्या क्रीडांगणाला एक फेरी घातली तर याहून अधिक अंतर होईल.

या दीडशें मीटरांवर मोठा वाद माजला. १९७० सालीं दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें बोट्स्वानास असें कळविलें कीं, चारही देश तंतोतंत एका बिंदूंत मिळत असल्यामुळें तुमची व झांबियाची समाईक सरहद्दच नाहीं. सबब तेथें चालणारी तर बेकायदा आहे. हा मुद्दा नीट समजून घेण्याजोगा आहे. कागदावर एक आडवी व एक उभी रेघ मारून चार चौकोन करा. समोरासमोरचे कर्णावरील दोन चौकोन एकमेकांस केवळ एका बिंदूंत शिवतात. बिंदूला भूमितीप्रमाणें रुंदी नसते. तेव्हां एका चौकोनांतून समोरच्या चौकोनांत जाणारी नाव, ती कितीही लहान असली तरी, बाजूच्या चौकोनांत शिरल्यावांचून राहणार नाहीं. युक्लिडच्या व्याख्येला राजकारणांत इतकें महत्त्व क्वचितच आलें असेल. बोट्स्वानानें हें म्हणणें साफ नाकारलें. तेथें चौघांचा एक बिंदु नसून तिघांचे दोन बिंदु आहेत व त्या दोहोंच्या दरम्यान आमची व झांबियाची लहानशी पण खरीखुरी सरहद्द आहे, असें त्याचें उत्तर होतें. आणि आज सामान्यतः हेंच मत मान्य झालें आहे. वाद मात्र कागदावरच राहिला नाहीं. १९७९ सालीं, ऱ्होडेशियांतील युद्ध भरांत असतां, तेथील सैन्यानें ती तर लष्करी कामासाठीं वापरली जाते असें कारण देऊन हल्ला केला व ती बुडविली.

नदी ही सरहद्द म्हणून सोयीची, असें आपणांस सहज वाटतें. पण तसा भरंवसा देतां येत नाहीं. याच भागांत चोबे नदींत एक बेट आहे. बोट्स्वाना त्यास सेदुदु म्हणतो व नामिबिया कासिकिली म्हणतो. बेटाच्या दोन्ही अंगांनीं पाणी वाहतें. मग त्यांतील मुख्य प्रवाह कोणता? ज्या अंगाचा प्रवाह मुख्य ठरेल त्यावर बेट कोणाचें हें अवलंबून होतें. हा प्रश्न दोन्ही देशांनीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें नेला आणि १९९९ च्या डिसेंबरांत न्यायालयानें बेट बोट्स्वानाचें ठरविलें. पावसाळ्यांत पुष्कळसें पाण्याखालीं जाणाऱ्या बेटासाठीं दोन शेजारी देश बंदुका न उचलतां वकिलांकडे गेले, ही गोष्ट मला तरी त्या बेटाहून मोठी वाटते.

आतां तरीकडे वळूं. दाभोळच्या खाडींतून धोपाव्यास मोटारी नेणारी सपाट बोट ज्यांनीं पाहिली आहे त्यांना कझुंगुलाच्या तरीची कल्पना सहज येईल. लोखंडी तराफा, दोन्ही टोकांस पडतें दार, मधोमध वाहनें आणि कडेनें उभे असलेले पादचारी. नदीचें पात्र तेथें सुमारें चारशें मीटर रुंद आहे. मोटार उतरून जाण्यास कांहीं मिनिटेंच लागत; पण त्या कांहीं मिनिटांसाठीं अवजड मालमोटारींना दिवसानुदिवस रांगेंत उभें राहावें लागे. डर्बन बंदरापासून झांबियाच्या तांब्याच्या खाणींपर्यंत व पुढें कांगोपर्यंत जो व्यापारमार्ग जातो, त्याची एक शाखा या तराफ्यावरून जात होती. यंत्रें, खत, इंधन व धान्य उत्तरेस जाई, तांबें दक्षिणेस येई. आणि एका खेपेस एखाददुसरीच मोठी मालमोटार पार होई. तराफा नादुरुस्त झाला, वारा सुटला किंवा रात्र पडली, कीं रांग आणखी लांबली. कधीं कधीं हा मुक्काम आठवड्यावर जाई. गाडीवान गाडीखालींच पथारी टाकीत, तेथेंच चूल मांडीत. उभ्या गाडीचें भाडें, गाडीवानाची रोजी व नासलेला माल हा सारा खर्च शेवटीं ज्या गृहिणीनें लुसाकाच्या बाजारांत साबण किंवा पीठ विकत घेतलें तिच्याच पदरीं पडत होता. ती बाई कझुंगुलास कधींच गेलेली नसेल.

याहून कठीण गोष्ट २००३ सालीं घडली. प्रमाणाबाहेर माल भरलेली एक झांबियन मालमोटार तराफ्यावर असतां तो कलंडला आणि अठरा माणसें बुडून मरण पावलीं. गाड्यांचें वजन करण्याचे कांटे झांबियाच्या बाजूस नव्हते, म्हणून असा जादा भार कोणाच्या ध्यानांत आला नाहीं, असा दोष त्या वेळीं देण्यांत आला. पुलाची चर्चा त्यापूर्वींही होत होती; पण चर्चा आणि पूल यांमध्यें अशीं माणसें बुडावीं लागतात हें मानवी व्यवहाराचें एक दुःखद अंग आहे.

२००७ च्या ऑगस्टांत झांबिया व बोट्स्वाना यांनीं तरीच्या जागीं पूल बांधण्याचा करार जाहीर केला. काम प्रत्यक्ष सुरू होण्यास २०१४ साल उजाडलें. मधलीं सात वर्षें कोठें गेलीं, असें कोणी विचारील. मोजणी, आराखडे, पैसा आणि शेजारी, यांत तीं गेलीं. जपानच्या सहकार्यसंस्थेनें व आफ्रिकी विकास बँकेनें कर्जें दिलीं. बांधकाम कोरियांतील देवू या कंपनीनें पत्करलें. दोन्ही तीरांवरील ठाण्यांसह सर्व खर्च सुमारें पंचवीस कोटी नव्वद लक्ष अमेरिकी डॉलर झाला. पुलाची लांबी ९२३ मीटर आहे. गणिताची आवड असलेल्यांनीं भागाकार करून पाहावा. दर मीटरास दोन लक्ष ऐंशी हजार डॉलर पडतात.

पण नदी चारशें मीटर आणि पूल नऊशें तेवीस मीटर, हें कसें? तीरावरील उतार-चढ धरले तरी हा फरक डोळ्यांत भरतो. शिवाय छायाचित्रांत हा पूल पाहिला तर तो सरळ नाहीं असें दिसेल. एखाद्या विळ्याच्या पात्याप्रमाणें तो वळत गेला आहे. बांधणाऱ्यांना सरळ रेघ आंखतां येत नव्हती असें नव्हे. सरळ नेला असता तर तो झिंबाब्वेच्या हद्दींत शिरला असता. झिंबाब्वेचे तेव्हांचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांचें या योजनेस सहकार्य नव्हतें. कारण उघड आहे. डर्बनहून उत्तरेकडे जाणारा बराचसा माल लिंपोपो नदीवरील बाइटब्रिज येथून झिंबाब्वेंतच शिरतो व तो देश ओलांडून पुढें जातो. मार्गावर जकात, कर व इंधनाची विक्री यांचें उत्पन्न त्या देशास मिळतें; नवा पूल झाला म्हणजे तें वळण चुकवून बोट्स्वानांतून जातां येणार. म्हणून आराखडा करणाऱ्यांनीं पश्चिमेस नामिबिया व पूर्वेस झिंबाब्वे सांभाळून, त्या दीडशें मीटरांच्या फटींतून पूल वांकवून काढला. दोन्ही बाजूंस शेजाऱ्याचें कुंपण असतां मधल्या बोळांतून बैलगाडी वळवून काढणारा गाडीवान आपण खेडेगांवांत पाहतों, त्यांतलाच हा प्रकार. २०१७ च्या अखेरीस मुगाबे अधिकारावरून दूर झाल्यावर त्या देशाचें धोरण बदललें व या योजनेंत सामील होण्याची इच्छा त्यानें व्यक्त केली; पण तोंवर खांब पाण्यांत उभे राहिले होते आणि वळण तें वळणच राहिलें.

वळणदार पूल बांधणें हें सरळ पुलाहून पुष्कळ कठीण. सरळ पुलाचा भार खांबांवर सरळ खालीं उतरतो. वांकड्या पुलाला मात्र बाहेरच्या अंगास पिळण्याची ओढ असते. ओल्या कापडाचीं दोन टोकें धरून पिळतांना जें होतें तेंच सूक्ष्म प्रमाणांत तेथील कांक्रीटला होऊं पाहतें, व तें होऊं नये म्हणून आंतून पोलादी ताणतारा भरून कांक्रीट आवळून धरावें लागतें. या पुलाला नदींतील खांबांवर बुटके मनोरे आहेत व त्यांपासून दोन्ही बाजूंस पोलादी दोर तिरपे ताणलेले आहेत. उंच मनोऱ्याच्या झुलत्या पुलांत सारा भार दोरांवर असतो. येथें तो दोर आणि पुलाचा स्वतःचा कणा या दोहोंनीं वांटून घेतला आहे. माथ्यावरून दोन पदरी मोटाररस्ता, कडेनें पायवाट आणि मधोमध रेल्वेच्या एका रुळमार्गाची सोय आहे.

येथवर दगड, लोखंड व कांक्रीट यांची गोष्ट झाली. परंतु पूल म्हणजे सरहद्द ओलांडण्याची सोय नव्हे. तराफ्याच्या दिवसांत गाडीवानाला प्रथम अलीकडच्या तीरावर पारपत्र दाखवून देश सोडल्याचा शिक्का घ्यावा लागे, मालाचे कागद जकातीच्या अधिकाऱ्यांपुढें ठेवावे लागत, मग नदी, मग पलीकडच्या तीरावर पुन्हां पारपत्र, पुन्हां कागद, पुन्हां तपासणी. पूल बांधून हीच रीत ठेविली असती तर रांग नदीच्या काठावरून उठून पुलावर आली असती, इतकाच फरक! आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजीं नवी करपद्धति येईपर्यंत शहरांच्या वेशींवरील जकातनाक्यांपाशीं मालमोटारी कशा तिष्ठत असत हें पालकांना आठवत असेल. रस्ता तेथें उत्तम होता. गाडी अडत होती ती कागदापाशीं.

म्हणून कझुंगुला येथें ‘एकथांबा’ ठाणीं उभारलीं आहेत. रीत अशी : झांबियास जाणाऱ्यानें बोट्स्वानाच्या तीरावर थांबावयाचेंच नाहीं. पूल ओलांडून झांबियाच्या ठाण्यांत जावयाचें. तेथें एकाच इमारतींत प्रथम बोट्स्वानाचा अधिकारी बसलेला असतो, तो ‘गेला’ असा शिक्का मारतो. शेजारीं झांबियाचा अधिकारी असतो, तो ‘आला’ असा शिक्का मारतो. उलट जाणाऱ्याचें काम बोट्स्वानाच्या ठाण्यांत याच क्रमानें होतें. माल उघडून पाहणें झालेंच तर दोघांनीं मिळून एकदांच पाहावयाचें. आफ्रिका खंडांत अशी पहिली व्यवस्था झांबिया व झिंबाब्वे यांच्या दरम्यान चिरुंडु येथें २००९ सालीं सुरू झाली होती. तिचा अनुभव येथें उपयोगी पडला.

ऐकण्यास हें अगदीं सोपें वाटतें. थोडा विचार केला म्हणजे अडचणी दिसूं लागतात. बोट्स्वानाचा अधिकारी झांबियाच्या भूमीवर बसून आपल्या देशाचा कायदा चालविणार. त्याला तो अधिकार कोणी दिला? त्यानें तेथें एखादा चोरटा माल पकडला तर तो जप्त करून कोणाच्या कोठडींत ठेवावयाचा? आरोपीला कोणत्या देशाच्या न्यायाधीशापुढें उभें करावयाचें? त्या अधिकाऱ्याशीं कोणी उद्धटपणें वागला तर गुन्हा कोठें घडला असें मानावयाचें? आपल्या भूमीवर परक्या अंमलदाराला, ठराविक खोल्यांपुरता कां होईना, अंमल करूं देणें ही स्वतंत्र राष्ट्राला सहज पटणारी गोष्ट नव्हे. आणि ज्यांनीं स्वातंत्र्य मिळवून अवघीं साठ वर्षें झालीं त्यांना तर नव्हेच. म्हणून दोन्ही देशांना आधीं करार व त्यानुसार कायदे करावे लागतात, त्यांत ठाण्याची चतुःसीमा आंखावी लागते, आणि त्या सीमेच्या आंत कोणाचा कायदा कोणत्या क्रमानें चालेल तें लिहून ठेवावें लागतें. एका अधिकाऱ्यानें आपला शिक्का मारून प्रवाशाला पुढें धाडलें कीं त्याचें काम संपलें. त्यानें मागाहून त्याला परत बोलवावयाचें नाहीं, असले बारीक नियमही त्यांत येतात. अभियंत्यांचें नांव पुलावर कोरलें जातें. हें कायद्याचें काम ज्या कारकुनांनीं व वकिलांनीं केलें त्यांचीं नांवें कोठेंच दिसत नाहींत.

ठरलेल्या मुदतीहून काम लांबलें, खर्चाच्या अडचणी आल्या, पुढें जगावर कोरोनाची सांथ कोसळली. अखेर १० मे २०२१ रोजीं बोट्स्वानाचे तत्कालीन अध्यक्ष मोक्वेत्सी मासिसी व झांबियाचे तत्कालीन अध्यक्ष एडगर लुंगु यांच्या हस्तें पूल रहदारीस खुला झाला, आणि तराफ्यांची गरज संपली.

येथें एक शंका मनांत येते, ती लपवीत नाहीं. रांग होती म्हणून गाडीवान तिष्ठत होते हें खरें. पण गाडीवान तिष्ठत होते म्हणूनच कोणी चहा विकीत असेल, कोणी भाकरी-मासळी शिजवून देत असेल, कोणी कपडे धूत असेल, कोणी चार पैसे घेऊन रात्रीं गाडी राखीत असेल. गाड्या न थांबतां जाऊं लागल्या कीं या लोकांची मिठाई-भाकरी कोणी घ्यावी? नदीवर पूल झाला म्हणजे नावाड्याचें काय होतें, हें आपल्या कोंकणपट्टींतील प्रत्येक खाडीकांठच्या गांवाला ठाऊक आहे. अठरा जीव जेथें बुडाले तेथें पूल नको होता असें कोणीही म्हणणार नाहीं, मीही म्हणत नाहीं. परंतु ज्या हिशेबांत दर मीटरास दोन लक्ष ऐंशी हजार डॉलर मांडतां आले, त्या हिशेबांत या चूलवाल्या बायांचीही एक ओळ असावयास हवी होती, असें मला वाटतें.

पुलाच्या मधोमध ठेवलेल्या रुळमार्गाची गोष्ट तेवढी सांगावयाची राहिली. पूल खुला झाला त्या दिवशीं दोन्ही तीरांपैकीं एकाही तीरावर आगगाडी येऊन पोहोंचलेली नव्हती. झांबियाच्या बाजूची रेल्वे लिव्हिंगस्टन शहराजवळून जाते, तें साठ-सत्तर किलोमीटर दूर. बोट्स्वानाच्या बाजूची तर कित्येक शें किलोमीटर दक्षिणेस होती. पूल पुन्हां पुन्हां बांधतां येत नाहीं, म्हणून जी गाडी अजून आलेली नाहीं तिच्यासाठीं त्यांनीं जागा आधींच राखून ठेविली.